वीज सोडण्याआधी रक्त अडवा

प्रश्न: आमच्या कोंबडी प्रक्रिया केंद्राचं सांडपाणी लालसर, तेलकट असतं. वीज सोडून ते खरंच निवळतं का?

निवळतं. काचेच्या भांड्यात हे पाणी घ्या, ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या बुडवा आणि डीसी (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह सोडा. धन पट्टी विरघळू लागते, पाण्यात कापसासारखे पुंजके तयार होतात आणि रक्तातली प्रथिनं, चरबीचे थेंब त्यांना चिकटतात. ऋण पट्टीवरून उठणारे हायड्रोजनचे बुडबुडे हे सगळं वर आणतात. वर तपकिरी साय, खाली नितळ पाणी. पण अमोनिया त्या नितळ पाण्यातच राहतो, त्यामुळे जिवाणूंनी पाणी साफ करणारी जैविक टाकी काढून टाकू नका.

प्रश्न: विजेचं बिल परवडेल?

1 किलो ॲल्युमिनियम विरघळायला सुमारे 3000 अँपिअर-तास लागतात. 10 व्होल्टवर चालवलं तर 30 युनिट. तेवढंच ॲल्युमिनियम ॲलममधून, म्हणजे तुरटीसारख्या ॲल्युमिनियमच्या क्षारातून, द्यायचं तर सुमारे 12 किलो ॲलम लागेल. पट्ट्यांची किंमत धरूनच तुलना करा.

प्रश्न: वर आलेला गाळ खत म्हणून शेतात टाकला तर?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. ॲल्युमिनियम फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतं, पिकाला ते सहज मिळत नाही. म्हणजे पाणी साफ झालं, पण फॉस्फेटमधला स्फुरद (फॉस्फरस) अडकून पडला. म्हणून माझा आग्रह आहे की जे परत मिळवायचं ते आधी वेगळं काढा. कोंबडीचं रक्त पूर्ण निथळू द्या, ते नाल्यात न सोडता वेगळ्या टाकीत घ्या. चरबी सापळ्यात अडवा. उरलेलं पाणी बायोगॅस टाकीत गेलं की प्रथिनं फुटून अमोनिया आणि फॉस्फेट मोकळे होतात. त्या टाकीतून बाहेर आलेल्या पाण्यात आता वीज सोडा, पण धन पट्टी मॅग्नेशियमची लावा. ऋण पट्टीपाशी पाणी आपोआप अल्कधर्मी होतं आणि मॅग्नेशियम, अमोनियम, फॉस्फेट एकत्र येऊन स्ट्रुव्हाइटचे पांढरे खडे बसतात. हे खत जमिनीत हळूहळू विरघळतं. अमोनिया मात्र पुष्कळ उरतो, कारण फॉस्फेट आधी संपतो.

प्रश्न: महिन्याभरात व्होल्टेज चढतं आणि पाणी गढूळच राहतं. काय करू?

पट्टीवर ऑक्साइडचा आणि चरबीचा थर बसला आहे. ठरावीक वेळाने धन-ऋण अदलाबदल करणारा रेक्टिफायर (घरच्या एसी विजेचा डीसी करणारं यंत्र) लावा, आणि पट्ट्या काढून सौम्य आम्लाने धुवा. तेव्हा वीज पूर्ण बंद हवी. टाकीवर बंद छप्पर असेल तर आजच उघडा: हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते.