घणसोलीत टेकडीखाली पडलेला खड्डा उल्केचा आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईतल्या घणसोलीत टेकडीच्या पायथ्याशी रात्री मोठा धमाका झाला. सकाळी तिथे पाचेक फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा दिसला. काठावर मुठीएवढा, काळा, जड दगड मिळाला आणि त्याला चुंबक लागतं. सोसायटीच्या ग्रुपवर 'उल्का पडली', 'किरणोत्सर्ग आहे, लांब राहा' आणि 'कोटीला जाईल' असं तिन्ही एकदम चालू आहे. खरं कसं ओळखायचं?

दगड जरा बाजूला ठेवा, आधी खड्ड्याकडे बघू. मुठीएवढा दगड आकाशातून आला तरी पाच फुटांचा खड्डा पाडत नाही. वातावरणात शिरताना त्याचा वेग सेकंदाला 11 किलोमीटर किंवा त्याहून जास्त असतो खरा, पण जमीन अजून वीस-तीस किलोमीटर खाली असतानाच तो सगळा वेग हवेत जिरतो आणि उजेड विझतो. तिथून खाली तो गच्चीवरून सोडलेल्या धोंड्यासारखा नुसता पडतो. अर्ध्या किलोचा दगड जमिनीला लागतो तेव्हा वेग ताशी 200 ते 250 किलोमीटरच्या आसपास. मऊ मातीत वीत-दीड वीत खळगा होईल. कातळावर आपटला तर तो स्वतःच फुटेल. जयपूरजवळ मुकुंदपुऱ्यात 6 जून 2017 ला दोनेक किलोचा अशनी पडला (जमिनीवर पोचलेल्या उल्केला अशनी म्हणतात), तेव्हा शेतात झालेला खळगा साधारण 43 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर खोल होता. म्हणजे परातीएवढा.

खरोखरचं विवर पडायचं तर येणारा धोंडा काही टनांचा लागतो, आणि तो गुपचूप येत नाही. पेरूत करांकास गावाजवळ 15 सप्टेंबर 2007 ला साधारण 13-14 मीटरचं विवर पडलं, तर भर दिवसा अग्निगोल दिसला आणि आवाज दूरवर गेला. तसं काही घणसोलीत झालं असतं तर ठाणे, मुंबई, पनवेल सगळीकडचे सीसीटीव्ही त्याच क्षणी उजळले असते. तुमच्याकडे खड्डा मोठा, दगड लहान आणि उजेड कुणीच पाहिलेला नाही. हिशोब जुळत नाही.

मग खड्डा कशाचा? पायथ्याशी बुजवलेली जुनी विहीर खचणं, जमिनीखालची पाण्याची लाइन फुटून माती वाहून जाणं, वरून दरड किंवा मोठा धोंडा घरंगळून येणं, वीज पडणं, कुणीतरी स्फोटकं वापरणं. फरक कडांवरून कळतो. खचलेल्या खड्ड्याच्या कडा आत झुकतात आणि बाहेर माती उडालेली नसते. आघाताच्या किंवा स्फोटाच्या खड्ड्याभोवती माती सगळीकडे फेकलेली असते आणि काठ उचललेला असतो. पाइप फुटला असेल तर तळ चिखलाचा असतो आणि आसपासच्या नळांना दाब कमी येतो. हे सगळं लांबूनच बघा. खचलेल्या विहिरीची कड आणखी ढासळते.

आवाजाचीही एक कसोटी आहे. उल्का तीस किलोमीटर उंचीवर फुटली तर आवाज खाली यायला साधारण दीड मिनिट लागतं. रशियात चेल्याबिन्स्कला 15 फेब्रुवारी 2013 ला लोक उजेड बघून खिडकीशी गेले आणि मिनिट-दोन मिनिटांनी आलेल्या धक्क्याने काचा अंगावर फुटल्या. जखमी दीड हजाराच्या आसपास. तेव्हा सोसायटीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढा आणि आवाजाच्या आधीची पाच मिनिटं बघा. जमिनीवरच्या सावल्या एका दिशेने झरझर सरकल्या का, एवढंच शोधायचं. कॅमेऱ्याचं घड्याळ बऱ्याचदा काही मिनिटं चुकलेलं असतं, म्हणून मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक लिहून ठेवा. उजेड आणि आवाज एकदमच असतील तर जे झालं ते जमिनीवर झालं. आकाशात संथ, मिनिटभर सरकत तुटत जाणारा उजेड दिसला तर तो बहुधा रॉकेटचा किंवा उपग्रहाचा कचरा असतो. 2 एप्रिल 2022 ला विदर्भात असंच झालं. अनेकांना उल्कापात वाटला, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी सापडली. चिनी रॉकेटच्या टप्प्याचे ते अवशेष असल्याचं मानलं जातं.

आता दगड. चुंबक लागतं याला आपल्याकडे फारशी किंमत नाही. टेकडी सगळी बेसॉल्टची, आणि आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे चुंबकाला लागणारं लोहखनिज असतं. दोऱ्याला टांगलेलं फ्रिजचं चुंबक त्याच्याकडेही थोडं सरकतं. राजस्थानच्या वाळूत असा दगड मिळाला असता तर मीही कान टवकारले असते. शिवाय बटणाएवढं चकचकीत निओडिमियम चुंबक तर लावूच नका. अशनी खरा असेल तर त्यातली मूळची चुंबकीय नोंद त्याने पुसली जाते, आणि संशोधकांच्या दृष्टीने तो अर्धा बाद होतो.

बघायचं ते कवच. ताज्या अशनीवर मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ, तव्याच्या बुडासारखं मंद काळं कवच असतं. कधी ओल्या कणकेत अंगठा दाबल्यासारखे खळगे असतात. एखादा टवका उडाला असेल तर तिथे उन्हात बघा. नेहमीच्या अशनीत आतला रंग फिकट राखाडी, जवळजवळ सिमेंटच्या ढेकळासारखा असतो, त्यात धातूचे चमकणारे ठिपके आणि बारीक गोल दाणे. आपला बेसॉल्ट बरोबर उलटा: बाहेर झिजून तपकिरी, आत काळा. त्याच्या पोकळ्यांत भरलेले झिओलाइट या खनिजाचे पांढरे दाणे बघून 'हेच ते गोल दाणे' म्हणणारे पुष्कळ भेटतात. (मुकुंदपुऱ्याचा अशनी कार्बनयुक्त होता आणि आतूनही काळाच होता, म्हणून निव्वळ रंगावर निकाल देऊ नका.)

दगडावर किंवा आत बुडबुड्यांची भोकं असतील तर जवळजवळ खात्रीने अशनी नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात माझा पहिला संशय भट्टीच्या स्लॅगवर, म्हणजे धातू वितळवल्यावर उरणाऱ्या मळीवर जातो. तो काळा, जड, वितळल्यासारखा असतो, कधी चुंबकालाही लागतो, आणि भरावात टाकलेला असल्यामुळे कुठेही निघतो.

घनता घरी काढता येते, त्याला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कोरड्या दगडाचं वजन घ्या. दगडाला पाणी लागू नये म्हणून तो पातळ प्लास्टिकमध्ये हवा काढून घट्ट गुंडाळा. मग पाण्याचं पातेलं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि दगड दोऱ्याने पूर्ण बुडवून, तळाला किंवा बाजूला न टेकवता धरा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. समजा वजन 486 ग्रॅम आणि बुडवल्यावर 165 दिसलं, तर घनता 2.95, म्हणजे बेसॉल्ट. साध्या दगडी अशनीची 3.2 ते 3.8 च्या दरम्यान आणि लोखंडी अशनीची 7 ते 8 असते. प्लास्टिकमध्ये हवा राहिली की घनता कमी दिसते. चूक इथेच होते. आणि स्लॅगही 3 च्या पुढे जातो, त्यामुळे आकडा जुळला तरी भोकांचा प्रश्न उरतोच.

न्हाणीघरातल्या टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर एक कोपरा हलकेच घासा. काळी रेघ मॅग्नेटाइटची, लालसर तपकिरी हेमॅटाइटची. अशनीची रेघ बहुतेक वेळा उमटतच नाही. अशनीतल्या धातूत निकेल असतं म्हणून त्याची रासायनिक चाचणी करा असं कुणी सुचवेल, पण स्टेनलेस स्टीलमध्येही निकेल असतं आणि इथे त्याचे तुकडे वाटेल तितके पडलेले असतात.

किरणोत्सर्गाची भीती सोडा. अशनीतले किरणोत्सारी अणू इतके कमी असतात की मोजायला शिशाच्या आवरणातली उपकरणं लागतात. त्यातले काही अल्पायुषी असल्यामुळे ताजा नमुना मात्र लवकर पोचावा लागतो. करांकासला लोक आजारी पडले तेव्हाही किरणोत्सर्गाची आवई उठली होती. काही शास्त्रज्ञांनी तिथल्या भूजलातल्या आर्सेनिककडे बोट दाखवलं. वेल्लोर जिल्ह्यात फेब्रुवारी 2016 मध्ये एका महाविद्यालयाच्या आवारात स्फोटात बसचालक गेला, तेव्हा राज्य सरकारनेच उल्का म्हणून जाहीर केलं. छायाचित्रं पाहून नासाच्या तज्ज्ञांनी जमिनीवरचा स्फोट जास्त संभवतो असं सांगितलं. कोटीच्या भावावर बोलण्यात अर्थ नाही, आधी दगड काय आहे ते ठरू दे.

एवढं करूनही शंका राहिली तर दगड धुऊ नका, फोडू नका. स्वच्छ पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. जागेचा फोटो पट्टी किंवा दहाचं नाणं ठेवून काढा, अक्षांश-रेखांश नोंदवा आणि तहसील कार्यालयात कळवा. भारतात अशनींचं अधिकृत काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण बघतं. त्यांचं नागपूरला कार्यालय आहे आणि अशनींचा संग्रह कोलकात्याला. नुसतं ओळखून हवं असेल तर खाडीपलीकडे पवईच्या आयआयटीत भूविज्ञान विभाग आहे.

इथे फोटो टाकणार असाल तर तुटलेल्या बाजूचा, उन्हातला, जवळून घेतलेला टाका आणि सोबत दोन्ही वजनं लिहा. नुसत्या काळ्या बाहेरच्या बाजूवरून कुणालाच काही सांगता येणार नाही.