14 महिन्यांच्या मुलीला कॉक्लियर इम्प्लांट करावं की जीन थेरपीची वाट पाहावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की बेरा टेस्टमध्ये (आवाज कानातून नसेमार्गे मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी) मुलीच्या दोन्ही कानांना काहीच आलं नाही, साताऱ्यातल्या डॉक्टरांनी इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) सांगितलंय, आणि घरचे म्हणतायत की चीनमध्ये जीन थेरपीच्या इंजेक्शनने (बिघडलेल्या जीनच्या जागी चांगला जीन कानात सोडतात) मुलं ऐकायला लागली, मग ऑपरेशन कशाला, वर्षभर थांबू. मी डॉक्टर नाही. तासगावजवळ माझी द्राक्षबाग आहे आणि माझ्या मुलाचं इम्प्लांट होऊन 7 वर्षं झाली. जीन थेरपीच्या आशेवर नुसतं बसून राहू नका, एवढं मी ठामपणे सांगतो.

ते इंजेक्शन खोटं नाही. शांघायच्या डॉक्टरांचा अभ्यास जानेवारी 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला, 6 मुलांपैकी 5 जणांना ऐकू यायला लागलं. पण त्या सगळ्यांचा ओटोफर्लिन नावाचा एकच जीन बिघडलेला होता. अशा मुलांच्या आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी शाबूत असतात, फक्त त्यांचा निरोप ऐकण्याच्या नसेकडे पोचत नाही. म्हणून आधी फाईल काढा आणि ओएईचा (या केसपेशी काम करतात का ते बघणारी तपासणी) रिपोर्ट बघा. बेरा शून्य पण ओएई पास, असं असेल तर ही शक्यता धरून जनुकीय तपासणी ऑपरेशनच्या आधीच करून घ्या. (जन्मानंतरच्या जोरदार काविळीनंही असं चित्र दिसू शकतं, तेही डॉक्टरांना सांगा.) ओएईसुद्धा नापास असेल तर बहुधा केसपेशीच काम करत नाहीत. पक्ष्यांच्या केसपेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या उगवत नाहीत. इम्प्लांटची तार त्या पेशींना वगळून थेट नसेला वीज देते, म्हणून त्याचा उपयोग होतो.

आमच्या मुलात कनेक्सिन 26 नावाच्या जीनचा दोष निघाला. माझं लग्न मामाच्या मुलीशी झालंय, दोष आम्हा दोघांतही दडलेला होता. तरी घरात बोल फक्त माझ्या बायकोलाच लागले. तुमच्याकडे तसं होत असेल तर हे वाचून दाखवा.

आम्हाला एका दवाखान्यात सांगितलं होतं, मुलगे उशिराच बोलतात. त्यात वर्ष गेलं आणि ऑपरेशनला मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला. ते वर्ष मला आजही सलतं. पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत आवाज मिळाला तर मेंदूचा ऐकण्याचा भाग नीट घडतो, नंतर अवघड होत जातं.

ऑपरेशननंतर महिन्याभराने मशीन चालू केलं तेव्हा तो नुसता रडला. मग रोज ऐकण्या-बोलण्याची थेरपी. विहिरीवरची मोटर चालू केली की बायको कानाला बोट लावून म्हणायची, "ऐक, मोटर!" बंद केली की, "बंद." पाच महिन्यांनी एका दुपारी लाईट गेली, मोटर थांबली, आणि पोरगं मातीत खेळता खेळता मान वर करून म्हणालं, "बन." त्याचा पहिला शब्द तो. आता तिसरीत आहे, मराठी शाळेत. वर्गात गोंगाट झाला की त्याला अजून कळत नाही, म्हणून पुढच्या बाकावर बसतो.

खर्चासाठी केंद्राच्या एडिप योजनेची चौकशी करा, त्यात 5 वर्षांच्या आतल्या मुलांच्या इम्प्लांटला मदत आहे. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था ते काम बघते. जिल्हा रुग्णालयातही विचारा. ऑपरेशनआधी न्यूमोकोकलची लस राहू देऊ नका, इम्प्लांट असलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका जास्त असतो. आणि वायर, बॅटरी, कॉइलचे पैसे पुढे दरवर्षी लागतात, ते योजनेच्या हिशेबात धरू नका.

ओएईमध्ये काय आलंय ते बघून इथेच लिहा, मी रोज रात्री बघतो.