‘कळलं का?’ ‘होऽऽ मॅडम!’

प्रश्न : ताई, मी नागपुरात सहावीला विज्ञान शिकवते, वर्गात ५० पोरं. ट्रेनिंगमध्ये सांगितलं मुक्त प्रश्न (म्हणजे ज्यांना पाठ केलेलं उत्तर चालत नाही असे) विचारा, पण विचारले की सगळे चिडीचूप, नाहीतर एकदम बाजार भरतो. काय करू?

उत्तर : मॅडम, आधी सांगा, प्रश्न विचारल्यावर तुम्ही थांबता किती? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या आसपास वर्गांतली रेकॉर्डिंग्ज तपासली तर शिक्षक सरासरी १ सेकंदच थांबत होते, आणि ३ सेकंद थांबायला लागल्यावर पोरांची उत्तरं लांबली, गप्प बसणारेही बोलायला लागले. फळ्यासमोर उभं राहून ३ सेकंद लय मोठे वाटतात हो, मनात मोजा.

दुसरं, ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ याचं पुस्तकात एकच वाक्य, पोट्टे ते घोकून टाकतात. त्यापेक्षा विचारा, मे महिन्यात घरचा कूलर मस्त गार हवा देतो मग जुलैत त्याच कूलरनं चिपचिप का होते? कोणी म्हणेल पाणी गरम झालं, कोणी म्हणेल गवत जुनं झालं, कोणी पावसावर घसरेल (तोच पोरगा उत्तराच्या जवळ आलाय!). लगेच ‘चूक’ म्हणू नका, ‘तुला असं काहून वाटलं?’ एवढंच विचारा.

बाजार भरतो त्याचं सोपं आहे, आधी वहीत एक ओळ लिहायची, मग शेजारच्याला सांगायची, मग हात वर. रोज नकोच, आठवड्यात दोन प्रश्न पुरे, सिलॅबस पण संपवायचाय ना. आणि ‘कळलं का?’ मात्र आजपासून बंद, त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात, मीपण म्हणायचे.