प्रार्थनेत मन लागत नाही. विश्वासात टिकून राहायला खेळातून उभारी मिळते का?

हो, नक्की मिळते. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना (ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला) लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय ९) शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचाच दाखला दिलाय. करिंथजवळ इस्थमियन खेळ, म्हणजे ग्रीकांच्या मोठ्या क्रीडास्पर्धा, भरत, त्यामुळे वाचणाऱ्यांना तो लगेच भिडला असणार.

मला स्वतःला सर्वांत जास्त धीर देतात स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणजे देवासाठी राखलेल्या दिवशी, होती, म्हणून त्यांनी ती शर्यतच सोडली आणि ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकली. पण खरी चिकाटी त्यानंतरची. चीनमध्ये मिशनरी म्हणून जवळपास वीस वर्षं, आणि १९४५ साली जपानी नजरकैदेच्या छावणीतच मृत्यू. तिथेही ते मुलांना शिकवत, त्यांचे खेळ घेत. टाळ्या वाजवायला स्टेडियम नव्हतं.

सरावाचा कंटाळा धावपटूलाही येतो, तरी तो बूट चढवतो. तुम्हीही आज पाच मिनिटं प्रार्थनेला बसाच.