'कुनलुन-नू' म्हणजे नेमके कोण?

प्रश्न असा आहे: थांगकालीन चिनी कथेच्या अनुवादात 'कुनलुन दास' असा शब्द आला. कुनलुन तर पर्वत, मग हे गुलाम तिबेटकडचे का? आणि मराठीत सरळ 'हबशी गुलाम' लिहिलं तर चालेल का?

या माणसांचा पर्वताशी संबंध नाही. थांग घराण्याच्या (618–907) काळात कुनलुन म्हणजे दक्षिण समुद्राकडचे लोक. त्या घराण्याच्या इतिहासातच म्हटलंय की लिन-यीच्या, म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनाममधल्या चंपाच्या, दक्षिणेला राहणाऱ्या कुरळ्या केसांच्या, काळ्या लोकांना सरसकट कुनलुन म्हणतात. मग तो ख्मेर (कंबोडियाचा) असो, मलायी असो की जावाचा. यिजिंग हा चिनी बौद्ध भिक्षू सातव्या शतकात सुमात्रा बेटावरच्या श्रीविजय राज्यात राहिला. तो तिकडच्या भाषेलाही कुनलुनच म्हणतो. त्यात हीनपणा नाही. गुलामी येते ती पुढच्या 'नू'मुळे; नू म्हणजे गुलाम.

म्हणून 'हबशी' नको. आपल्याकडे हबशी म्हटलं की मलिक अंबर आठवतो, इथिओपिया आठवतो. आफ्रिकेतून आणलेल्यांसाठी चिनी दप्तरात वेगळा शब्द सापडतो, 'सेंगछी'. तो अरबांच्या 'झंज'वरून, म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या लोकांसाठीच्या शब्दावरून, आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. झांझिबारमध्येही हाच झंज आहे. 813 साली जावातल्या हो-लिंग राज्याने थांग दरबाराला चार सेंगछी गुलाम नजर केले. नोंदीत त्यांच्या जोडीला आहेत पंचरंगी पोपट. माणसं आणि पोपट एकाच ओळीत!

पुढे सोंग घराण्याच्या (960–1279) काळात हे भेद पुसट होतात. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला झू यू नावाचा लेखक क्वांगचौ या दक्षिण चीनमधल्या बंदराच्या धनिकांकडच्या गुलामांना 'क्वे-नू', भुतासारखे गुलाम, म्हणतो. पकडून आणलेल्या या माणसांना शिजवलेलं अन्न दिलं की दिवसेंदिवस जुलाब होत. त्याला शब्द होता 'हुआन-छांग', आतडी बदलणं. त्यात काही मरत; जगले तर पाळायच्या लायकीचे. बरीच वर्षं राहिली की त्यांना माणसांची भाषा कळते, पण बोलता येत नाही, असंही तो लिहितो. त्यांची स्वतःची भाषा त्याच्या हिशेबातच नाही. समुद्राकाठचे जे पाण्यात डोळे उघडे ठेवून बुडी मारत, त्यांना तो कुनलुन-नू म्हणतो.

आता 'नू' आणि त्याची जोड 'बी', म्हणजे गुलाम बाई. इसवी सन 100 च्या सुमाराच्या शुओवेन या कोशात दोन्हींचा अर्थ 'पूर्वीचे गुन्हेगार' असा दिलाय. गुन्ह्यापायी गुलाम झालेले, म्हणजे मुळात आपल्याच देशातले लोक. परक्या गुलामांना मग मुलखाचं नाव आधी लागलं: कुनलुन-नू, तशीच 'शिनलुओ-बी', कोरियातल्या सिल्ला राज्यातून पळवलेली मुलगी. हा व्यापार मोडायला जांग बोगो या सिल्लाच्या सरदाराने 828 मध्ये कोरियाच्या वांदो बेटावर आरमारी ठाणं उभारलं.

'बी'साठी मी 'दासी' टाळेन. मराठीत दासी म्हटलं की जनाबाई ओठावर येते. पेशवाईतला 'कुणबीण' शब्द अचूक, पण आजचा वाचक तो जातिवाचक समजेल. 'बटीक' योग्य. आजच्या चीनच्या वायव्येतल्या तुर्फान भागात सापडलेल्या, 639 च्या सोग्दी (मध्य आशियातल्या व्यापारी लोकांच्या) भाषेतल्या खरेदीखतात उपाच नावाची मुलगी 120 शुद्ध चांदीच्या नाण्यांना विकली गेलीय, आणि मालकाने तिला मारावं, बांधावं, विकावं, गहाण ठेवावं, सगळी मुभा लिहून दिलीय. तिला दासी कसं म्हणणार?

तेव्हा अनुवादात 'कुनलुन गुलाम' ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला 'दक्षिण समुद्राकडचा' एवढं जोडा.