‘त्याची चकमक केली’ असं कुणी का म्हणत नाही?

प्रश्न कोल्हापुरातून आला आहे. पोलिसांच्या गोळीने एकाचा मृत्यू झाला. पोलीस म्हणतात चकमक, घरचे म्हणतात उचलून नेऊन मारलं. त्यावरच्या सत्यशोधन (फॅक्ट फाइंडिंग) समितीच्या अहवालाच्या मसुद्यात एके ठिकाणी ‘बनावट चकमक’, दुसरीकडे ‘एन्काउंटर’, तिसरीकडे ‘न्यायबाह्य हत्या’ असं आहे. यातलं काय ठेवायचं, आणि ‘कथित’ नेमकं कशाला लावायचं?

आधी चकमक. शब्द तुर्की, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. मूळ अर्थ ठिणगी पाडायची गार. म्हणून चकमक ‘उडते’ किंवा ‘झडते’, आणि ती ‘यांच्यात’ होते. एका गारेवर ठिणगी पडत नाही, समोर पोलाद लागतं. त्यामुळे ‘पोलीस आणि दरोडेखोर यांच्यात चकमक उडाली’ हे मराठी झालं, पण ‘पोलिसांनी त्याची चकमक केली’ हे कुणाच्याच तोंडी येत नाही. ‘त्याचा एन्काउंटर केला’ मात्र सहज येतं, कारण आपण तो शब्द ‘त्याचा खून केला’च्या साच्यात बसवला आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ गाठ पडणं, सामना होणं. मराठीत तो एकाने दुसऱ्याचा करायचा असतो. व्याकरणानेच दिलेला हा कबुलीजबाब आहे! साक्षीदार हा शब्द वापरत असेल तर अवतरणचिन्हांत जसाच्या तसा ठेवा. अहवालाच्या स्वतःच्या निवेदनात मात्र नको.

‘बनावट’ हा निष्कर्ष आहे. नोट बनावट ठरते ती तपासल्यावर. पहिल्या पानावरच ‘बनावट चकमक’ लिहिलं तर पुढची साठ पानं कुणासाठी? घटना सांगताना ‘चकमक झाल्याचे पोलिसांचे म्हणणे आहे’ आणि शेवटच्या प्रकरणात, पुरावा तेवढा असेल तर, ‘चकमक बनावट असल्याचे समितीचे मत आहे’.

‘कथित’ ज्याच्या आधी बसतं त्यावरच शंका घेतं. ‘कथित चकमकीत आरोपीचा मृत्यू’ म्हटलं की चकमकीवर प्रश्नचिन्ह. ‘चकमकीत कथित आरोपीचा मृत्यू’ म्हटलं की चकमक मान्य केली आणि माणूस आरोपी होता की नाही यावर शंका घेतली. शिवाय ‘कथित’ म्हणजे नुसतं ‘सांगितलेलं’. कुणी सांगितलं, ते या शब्दात नाही. ‘-ल्याचा पोलिसांचा दावा’, ‘-ल्याचा कुटुंबीयांचा आरोप’ ही रचना लांब असली तरी सांगणारा समोर येतो. आणखी एक खोड मसुद्यात दिसते: चकमक ‘कथित’, पण मृत माणूस थेट ‘सराईत गुन्हेगार’. दोषसिद्धी नसेल तर तो संशयित किंवा आरोपी. ‘सराईत’ हे पोलिसांच्या टिपणातलं विशेषण आहे, ते उसनं घेऊ नये.

‘न्यायबाह्य’ की ‘न्यायेतर’? दोन्ही चालतील. ‘घटनाबाह्य’ कानाला सरावाचा असल्याने न्यायबाह्य लवकर कळतो. खरी अडचण ‘हत्या’ची आहे. कायद्याच्या मराठीत ‘खून’ हा गुन्हा, ‘सदोष मनुष्यवध’ हा गुन्हा. नुसता ‘मनुष्यवध’ म्हणजे माणसाच्या हातून माणसाचा मृत्यू, गुन्हा असो वा नसो. न्यायवैद्यक अहवालातलं ‘होमिसाइड’ एवढंच सांगतं. त्याचं भाषांतर ‘खून’ किंवा ‘हत्या’ केलं की डॉक्टरांच्या तोंडी न्यायाधीशाचं वाक्य जातं. ‘ठार झाला’ही टाळा, त्यात कर्ता गायब होतो. ‘पोलिसांनी झाडलेल्या गोळीने मृत्यू झाला’ एवढं दोन्ही बाजूंना मान्य असतं, तिथून सुरुवात करा.

चौकशी आणि तपास यांत तर मोठाच घोळ होतो. फौजदारी प्रक्रियेच्या संहितेच्या मराठीत पोलीस करतात ते ‘अन्वेषण’ (म्हणूनच ‘गुन्हे अन्वेषण विभाग’), बोलीत तपास. दंडाधिकारी करतात ती ‘चौकशी’. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणावरून पोलीस चकमकींतल्या मृत्यूंच्या तपासाबाबत १६ निर्देश दिले. त्यांत दोन्ही वेगवेगळ्या मागितल्या आहेत: गुन्हा नोंदवून गुन्हे अन्वेषण विभागाकडून किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडून तपास, आणि शिवाय दंडाधिकाऱ्यांची चौकशी. ‘चौकशी सुरू आहे’ एवढ्यावर समाधान मानलं तर यातलं नेमकं काय सुरू आहे ते कळत नाही. ‘दंडाधिकारीय’ला ‘न्यायालयीन चौकशी’ म्हणू नका, ती चौकशी आयोगाची वाटते. प्रांताधिकारी करत असतील तर ते कार्यकारी दंडाधिकारी. माणूस पोलीस कोठडीत असताना मेला असेल तर चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांची हवी. पूर्वी त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७६ (१ए) होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६ आहे.

पुराव्याच्या शब्दांत सर्वांत जास्त घात ‘गोळी’ करते. ‘पाच गोळ्या जप्त’ म्हणजे काय? न झाडलेलं ते जिवंत काडतूस, झाडल्यावर मागे राहते ती पुंगळी, पुढे जाऊन शरीरात किंवा भिंतीत रुतते ती गोळी. पिस्तूल पुंगळी बाहेर फेकतं, त्यामुळे ती पडलेली जागा गोळी झाडणारा कुठे उभा होता याचा अंदाज देते. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या चक्रातच राहतात. मृताच्या हाती रिव्हॉल्व्हर होतं आणि त्याच्या पुंगळ्या जमिनीवर सापडल्या असं पंचनाम्यात असेल, तर त्या बाहेर कुणी काढल्या हा प्रश्न अहवालात यायलाच हवा. ‘गोळ्या’ लिहिलंत तर तो उगवतच नाही.

तसंच जखमांचं. ‘भाजल्याच्या खुणा’ या एका शब्दप्रयोगात तीन गोष्टी कोंबलेल्या असतात: प्रत्यक्ष भाजणं, पुसता येणारी काजळी, आणि बंदुकीच्या अर्धवट जळलेल्या दारूचे गोंदल्यासारखे, न पुसले जाणारे ठिपके. तिन्ही जवळून गोळी झाडल्याच्या खुणा, पण प्रत्येकीचं अंतर वेगळं. वेगवेगळ्या लिहा. त्वचेवर काहीच नसेल तर कपडे कुठे आहेत ते विचारा, काजळी आणि ठिपके कपड्यांवर अडकतात. ‘मरणोत्तर पंचनामा’ आणि शवविच्छेदन यांचीही गल्लत नको. पहिला पंचांसमोर मृतदेह बाहेरून पाहून होतो. दुसरं, म्हणजे आपल्याकडे कोल्हापुरात ज्याला ‘सीपीआरला पीएम’ (सीपीआर या सरकारी रुग्णालयात पोस्टमॉर्टेम) म्हणतात ते, डॉक्टर करतात, आणि २०१४ च्या निर्देशांप्रमाणे ते जिल्हा रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांनी, चित्रीकरणासह करायचं असतं.

‘फॅक्ट फाइंडिंग’ला ‘तथ्यशोधन’ की ‘सत्यशोधन’ हेही विचारलंय. तथ्यशोधन काटेकोर आहे, पण १९११ पासून सत्यशोधक समाज पाहिलेल्या कोल्हापुरात दुसरा शब्द कुणाला समजावून द्यावा लागत नाही. तोच ठेवा.

शेवटी न विचारलेली एक गोष्ट. ‘सोमवारी रात्री दोनला घरातून नेलं’ असं मृताची आई सांगते तेव्हा आपल्या बोलण्यात दिवस उजाडल्यावर बदलतो, म्हणजे तारीख मंगळवारची. फिर्यादीत तीच वेळ मंगळवारी ०२.०० वाजता अशी येईल. जबाब घेतानाच ‘सोमवार संपून मंगळवार उजाडायच्या आधीचे दोन ना?’ असं विचारून कंसात तारीख टाका. नाहीतर कागदावर आईचा जबाब चोवीस तासांनी चुकीचा ठरतो, आणि उलटतपासणीला आयता मुद्दा मिळतो.