किमो चालू असलेल्या पोराला बुरशीपासून जपताना

ताई, पहिलं सांगते, रिपोर्टमध्ये एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, बघायला शिका. ५०० च्या खाली गेला की साधी हवेतली बुरशीपण फुफ्फुसात घर करते, त्यात अ‍ॅस्परजिलस जास्त डेंजर, आणि ती कुठं असते तर बांधकामाच्या धुळीत, भिजून कुजलेल्या कडब्यात, जुन्या पोत्यात, म्हणजे आपल्या सांगलीत दारादारात. शेजारी भिंत पाडत असतील तर काही दिवस पोराला दुसरीकडं हलवा, लोक काय म्हणतील ते म्हणू देत. गोठ्यात, हळदीच्या गोदामात न्यायचंच नाही. आणि सासूबाईंनी कितीही सांगितलं तरी लाईनच्या, म्हणजे औषधाची नळी बसवलीय त्या जागेवर हळद लावायची नाही हं!

ताप १०० पॉइंट ४ झाला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नका, रात्री दोन वाजले तरी मिरजेच्या हॉस्पिटलला निघायचं. अ‍ॅन्टिबायोटिक चालू असून चार दिवसांनीपण ताप उतरत नसेल तर डॉक्टर बुरशीचा संशय धरून छातीचा सीटी, गॅलॅक्टोमॅननची (बुरशीचा अंश शोधायची) रक्ततपासणी सांगतात, तेव्हा घाबरून नाही म्हणू नका.

व्होरिकोनॅझोलची, म्हणजे बुरशीवरची गोळी दिली तर जेवणाच्या एक तास आधी नाहीतर एक तासानं, दुधासोबत नको. उन्हात कातडी भाजते, टोपी घाला. आणि व्हिन्क्रिस्टिनचं (हे किमोचंच औषध) इंजेक्शन असेल तेव्हा ही गोळी चालू आहे हे स्वतः तोंडानं सांगा, फाईल सगळेच वाचतात असं नाही, दोन्ही एकत्र झालं की मज्जातंतूंना त्रास होतो, पोट गच्च होतं. मनानं मात्र गोळी बंद करायची नाही.